७८ अंश उत्तरेला मावा शोधताना

आमचं निफाडला कृषी सेवा केंद्र आहे. तीस वर्षांत काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकलेली दोन वाक्यं म्हणजे "मावा आलाय" (मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) आणि "वहीत मांडून ठेवा". त्यामुळे नॉर्वेत ट्रोम्सोला शिकणारी पुतणी फोनवर म्हणाली, "काका, स्वालबार्डला येता का? तिथं तुमचा मावापण आहे," तेव्हा वाटलं पोरगी टिंगल करतेय. बर्फात कसला मावा!

टिंगल नव्हती. नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाकडे असलेल्या स्वालबार्डच्या बेटांवर माव्याची एक जात आहे, आणि ती जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. हे कळल्यावर मला राहवेना.

प्रवासाचं फार लिहीत नाही. एकच सांगून ठेवतो: स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिकडून ऑस्लोला परतताना शेंगेनमध्ये पुन्हा शिरावं लागतं, म्हणून व्हिसा दोनदा प्रवेशाचाच घ्या. आमच्या एजंटला हे पटवताना घसा बसला.

जुलैचा पहिला आठवडा. स्वालबार्डच्या मुख्य गावात, लाँगइयरब्येनला, उतरलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि ऊन पडलं होतं. थर्मामीटर सहा अंशांवर. हॉटेलच्या दारात बूट काढायला लावले. कोळशाच्या खाणीतले कामगार काळ्या बुटांनी घरात शिरत नसत, तेव्हापासूनची ही रीत. देवळात आल्यासारखं वाटलं. गावाबाहेर मात्र बंदूकवाला गाईड घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, कारण पांढरी अस्वलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दरीत गेलो. झाड एकही नाही. म्हणजे वनस्पती म्हणून विलो आहे, पण तो आपल्या घोट्याएवढाही उंच होत नाही. खडकांमध्ये आठ पाकळ्यांची पांढरी फुलं होती. नॉर्वेजियन लोक त्याला रेनरोसे म्हणतात, म्हणजे रेनडियरचं गुलाब. शास्त्रीय नाव ड्रायास. हे फूल सूर्याकडे तोंड करून फिरतं आणि पाकळ्यांच्या वाटीत ऊन गोळा करतं. आत बाहेरच्यापेक्षा थोडी जास्त ऊब असते, म्हणून माश्या तिथं येऊन चक्क शेकत बसतात. आपल्याकडे शेकोटीभोवती बसतात तसंच. इथं मधमाश्या नाहीत, परागीकरणाचा मोठा भार या माश्यांवरच.

याच ड्रायासवर तो मावा राहतो. मी दुकानातलं भिंग काढलं आणि गुडघे टेकले. सवयीनं आधी मुंग्या शोधल्या. आमच्याकडे मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की वर गोड चिकटा आणि तो सोडणारा मावा असणारच. पुतणी हसायला लागली. "काका, अख्ख्या स्वालबार्डमध्ये मुंगी नाही." झालं! तीस वर्षांचा अनुभव पहिल्याच मिनिटाला बाद.

पाला तोडायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून ओणवं होऊन एकेक झुपका बघत गेलो. बघता बघता पुतणी जे सांगत होती, त्यानं माझा एक समज पार मोडला. मला वाटायचं, इथल्या किड्यांचा शत्रू थंडी. पण थंडीत ते बिचारे झोपलेले असतात, वर बर्फाची गोधडी असते. खरी अडचण आहे ती उन्हाळ्याची. तो जेमतेम दोन महिन्यांचा. आपला मावा नराशिवाय पिल्लं घालतो, पिढीवर पिढी, म्हणून तर आठवड्यात शेत भरतं. इथल्या माव्याला तेवढी सवड नाही. बर्फ वितळल्यावर अंड्यातून आई निघते, आणि तिची बहुतेक पिल्लं थेट नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या होतात. अंडी घातली की संपलं वर्ष. थोडी पिल्लं मात्र नराशिवाय वाढणारी निघतात. उन्हाळा लांबला तर त्यांच्यामुळे जास्तीची अंडी पडतात. जुगार खेळावा तर असा, थोडेच पैसे लावून.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला आणि ग्रीनलँडमध्ये एका केसाळ अळीला पतंग व्हायला साधारण सात वर्षं लागतात. दर हिवाळ्यात ती गोठते, दर उन्हाळ्यात थोडं खाते. आमची बोंडअळी महिन्याभरात पिढी उरकते.

दुपारी पक्ष्यांच्या कड्याखाली गेलो. वर लिटल ऑक पक्ष्यांचा कलकलाट, खाली त्यांच्या विष्ठेनं पोसलेलं हिरवंगार शेवाळ. गाईडनं एक दगड अलगद उलटला. खाली दोनेक मिलिमीटरचे पांढरे ठिपके रांगत होते. हा स्प्रिंगटेल, किड्यांचा सहा पायांचा चुलतभाऊ. याचे इतर भाऊबंद शेपटीच्या झटक्यानं उडी मारतात, याला ती शेपूटच नाही. हिवाळ्यात भोवतालचं बर्फ याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. तो अडवत नाही, सुकत जातो, आणि अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर तयार करतो. शेवटी गोठायला पाणीच उरत नाही. मी म्हटलं, "अगं, हा तर बेदाणा!" द्राक्षाच्या गावच्या माणसाला याहून जास्त समजावायची गरज नव्हती. फरक इतकाच की वसंतात हा बेदाणा पुन्हा पाणी पितो आणि चालायला लागतो.

त्याच दगडाच्या कडेला एक कोळी होता. आमच्या दुकानात कोळी म्हणजे लाल कोळी, पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, जिच्यावर औषध मागायला येतात ती. हा खराखुरा कोळी, काळा, मोहरीपेक्षा थोडा मोठा, दगडाखाली चादरीसारखं जाळं अंथरून बसलेला. इथं कोळ्यांच्या वीसेक जाती आहेत आणि जवळजवळ सगळे असेच चिमुकले. रेशमाचा धागा सोडून ते वाऱ्यावर उडतात. स्वालबार्डमधल्याच न्यू-ओलेसुंदला, जिथं २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, तिथल्या हिमनदीनं मागे सरून मोकळ्या केलेल्या जमिनीवर गवताआधी कोळी पोचलेले आढळले. खायला काय? वाऱ्यानं येऊन पडलेली चिलटं. मला हे उलटंच वाटलं. आम्ही शाळेत शिकलो ते आधी गवत, मग ससा, मग वाघ.

वाऱ्यानं फक्त कोळी येत नाहीत. २००० सालच्या जुलैमध्ये पश्चिम रशियाकडून समुद्र ओलांडून पतंग येऊन पडले. कुठला पतंग? चौकोनी ठिपक्याचा! कोबी-फ्लॉवरवाल्यांची झोप उडवणारा तोच. ते ऐकून मला उगाचच गाववाला भेटल्यासारखं झालं.

गाईडनं दगड होता तसा परत ठेवला. माझ्याकडून एक जरा वाकडा ठेवला गेला, तर त्यानं तोही सरळ केला.

परत ड्रायासपाशी गेलो. आणखी दोन तास. गुडघे ओले, बोटं बधिर, भिंगावर वाफ. शेवटी गाईड घड्याळ बघायला लागला. मावा काही सापडला नाही. "काका, तो सगळीकडे नसतो, तुकड्या-तुकड्यांत असतो," पुतणी समजूत घालत होती.

हॉटेलवर येऊन बूट काढले, फोन चालू केला. दुकानातल्या पोरानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता: वांग्याचं पान, खालची बाजू, टाचणी टेकवायला जागा नाही इतका मावा. खाली लिहिलं होतं, "शेट, काय देऊ?"

मी फोटो पुतणीला दाखवला. तिनं तो मोठा करून बराच वेळ बघितला.