वहीच्या समासातली पापलेटं

बंदरावर उतरलेल्या मासळीची नोंद ठेवायची, हे माझं काम. पहाटे मोजपट्टी, काटा नि वही घेऊन बसायचं. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या मासळीला किमान लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. पुढे माझ्या वहीतली बारकी पापलेटं कमी होत गेली. साहेब खूश, मीही खूश.

एका उधाणाला नाव चालवणारे तांडेलकाका म्हणाले, "मास्तर, एकदा दर्यात चला. हितं बसून काय दिसतं तुम्हाला?"

गेलो. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीकडे तोंड करून बांधलेलं जाळ्याचं भलंमोठं नरसाळं, शेपटाला बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, पिशवी, तिला म्हणतात खोला. डोल माशामागे धावत नाही. ओढ जे आणेल ते खोल्यात ठेचून भरतं. ओढ मंदावली तसा खोला नावेत घेतला, गाठ सोडली. जवळा, बोंबील, मांदेली भसाभस पडली आणि त्यांत बिस्किटाएवढी चंदेरी पापलेटं. सवयीने पट्टी लावली. 70, 82, 65. एकही हलत नव्हतं. एक खलाशी ती वेचून मुकाट्याने पाण्यात भिरकावत होता.

"बंदरात आणायची नाहीत ना? मग हितंच टाकायची," काका म्हणाले.

61 मोजली आणि पट्टी खिशात ठेवली.

नियम लिहिणाऱ्याने खोला कधी सोडून पाहिला नसावा. पण काकांच्या खोल्याच्या आसात माझी पेन्सिलही जेमतेम शिरत होती, हेही खरं. आस मोठा करा म्हणणं मला सोपं. मग जवळा निसटतो, आणि काकूंचा सुक्या बाजाराचा सगळा धंदा जवळ्यावर.

माझ्या वहीत उतरलेल्या मासळीचेच रकाने. फेकलेलीला जागा नाही. मी समासात पेन्सिलीने लिहिलं : पापलेट, मेलेली, 61. साहेब म्हणाले, "हे खोडा, गोंधळ होतो." खोडलं नाही अजून.

गेल्या आठवड्यात काकांनी दोनपैकी एका डोलीला मोठ्या आसाचा खोला लावला. शेजारच्या नावेवाले हसले. पहिल्या खेपेला त्यात जवळा जवळपास नव्हताच. पापलेटाची पिल्लं होती, पण मोजून चार. काकू रिकामी टोपली घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या.

"दुसऱ्या डोलीचापण बदलू काय, मास्तर?" काकांनी विचारलं. मी काकूंच्या टोपलीकडे बघत राहिलो.