तिसरी मोरी

खऱ्या खुनांवरची पुस्तकं आपल्याकडे आवडीने वाचली जातात, मीही वाचतो. 1968 च्या ऑगस्टमध्ये रमण राघवला ओळखून ताब्यात घेणारे फौजदार ॲलेक्स फियाल्हो, किंवा त्या तपासात आणि पुढे मानवतच्या तपासात गाजलेले रमाकांत कुलकर्णी, ही नावं अशा लेखनामुळेच घरोघरी पोचली आणि ते योग्यच झालं. पण बहुतेक पुस्तकांत "अखेर त्याने तोंड उघडलं" या वाक्याशी प्रकरण संपतं. मी तिथेच अडखळतो. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला कोर्टात काही किंमत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगत होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 ही तेच सांगतं. त्या कबुलीतला फक्त एक तुकडा चालतो. ज्या माहितीवरून एखादी गोष्ट उघड झाली तेवढीच माहिती, म्हणजे जुनं कलम 27.

मी बरीच वर्षं तपासी अंमलदारांचा रायटर होतो. पंचनामे, जबाब, केस डायरी लिहिणारा हवालदार. त्या एका तुकड्यासाठी गेलेला एक दिवस इथे मांडतो. दिवस जुन्या कायद्यातला आहे. गाव, ठाणं आणि माणसं यांची नावं देत नाही.

प्रकरण साधं होतं. बांधाचा वाद, चुलत भाऊ, उसाच्या कडेला पडलेलं प्रेत, डोक्यावर आणि मानेवर धारदार हत्याराचे वार. संशयित दुसऱ्याच दिवशी हाती लागला आणि कोर्टाने पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नव्हता. असा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर चालतो. 1984 सालच्या शरद बिरदीचंद सारडा निकालातली पाच तत्त्वं प्रत्येक सरकारी वकिलाला पाठ असतात. साखळीची एकही कडी निसटून चालत नाही आणि आमच्या साखळीत हत्यारच नव्हतं.

कोठडीच्या दुसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास आरोपी लॉकअपच्या गार्डला म्हणाला, "कोयता मोरीत हाय." गार्डने सहायक निरीक्षकांना फोन लावला आणि तेवढ्यात डीबी पथकातली, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातली, दोन मुलं बॅटरी घेऊन मोटारसायकलवर निघालीसुद्धा. मला कळल्यावर मी त्यांना फोन केला, तेव्हा ती कॅनॉलच्या रस्त्यावरच्या पहिल्या मोरीत, म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या पाइपात, वाकून बघत होती. तिथे काही नव्हतं. "आहे तिथून परत या, दुसऱ्या मोरीकडे जाऊ नका," एवढंच सांगितलं.

मुलं मेहनती होती, हेतूही चांगला होता. पण तपासाचा घात होतो तो असाच. कोयता रात्रीच पाहिला असता तर सकाळी पंचांसमोर, म्हणजे तटस्थ साक्षीदारांसमोर, आरोपीने कितीही नीट सांगितलं असतं, तरी उघड होण्यासारखं काही उरलंच नसतं. पोलिसांना आधीच माहीत असलेली जागा आरोपीकडून पुन्हा वदवून घेतली, असं बचाव पक्ष म्हणाला असता आणि ते खरंच असतं.

प्रश्न होता रात्रीच्या फेरीची नोंद करायची की नाही. साहेब, म्हणजे सहायक निरीक्षक, जरा घुटमळले. माझं म्हणणं असं होतं की दोन पोलीस, एक मोटारसायकल आणि बॅटरीचा उजेड रस्त्यावरच्या कोणीतरी पाहिलेला असणारच. उलटतपासात ते बाहेर आलं तर कोयताच नाही, सगळा तपास संशयाखाली जाईल. शेवटी स्टेशन डायरीला आणि केस डायरीला जसं घडलं तसं लिहिलं: आरोपी फक्त "मोरीत" म्हणाला, दोन अंमलदार गेले, पहिली मोरी पाहिली, काही मिळून आलं नाही, परत आले. वेळेसह.

सकाळी पंच. गंभीर गुन्ह्यात आम्ही सरकारी कर्मचारी मागवायचो, म्हणून आदल्या रात्रीच एका कार्यालयाला पत्र दिलं होतं. दोघे पावणेनऊला आले. पंच कसा असावा हे नीट पाहायला हवं. मयताचा किंवा आरोपीचा नातलग नको, आधी याच ठाण्याच्या पाच-सहा पंचनाम्यांवर सही केलेला नको, मराठी वाचता येणारा हवा आणि तीन वर्षांनी साक्षीला सापडेल असा हवा. चहाच्या टपरीवरून धरून आणलेला पंच साक्षीला सापडत नाही, सापडला तर फितूर होतो.

आरोपीला लॉकअपमधून आणलं. साहेबांनी पंचांनाच सांगितलं, "तुम्ही विचारा त्याला." तो खाली मान घालून बोलला. माझ्या शेजारी नवीन फौजदार बसले होते. ते मला मजकूर सांगायला लागले, "लिहा, गुन्ह्यात वापरलेले हत्यार मी लपवून ठेवलेले असून ते काढून देण्यास तयार आहे."

मी पेन खाली ठेवलं. "साहेब, तो हत्यार म्हणाला नाही. कोयता म्हणाला. आणि कुठे ठेवला तेही म्हणाला."

हे वाक्य राज्यातल्या हजारो पंचनाम्यांत जसंच्या तसं सापडेल. आरोपी कोणीही असो, वस्तू कोणतीही असो, मजकूर तोच. न्यायाधीश ते वाचतात आणि लगेच ओळखतात की हे आरोपीचे नव्हे, रायटरचे शब्द आहेत. 2022 च्या सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलंय: पंचांच्या समक्ष, आरोपीच्या तोंडचे नेमके शब्द. आमचा दिवस त्याच्या आधीचा, पण कायदा तोच होता. मी आरोपीला पुन्हा बोलायला लावलं आणि त्याच्या बोलीत लिहिलं:

"बांधावरनं भांडान झालं म्हनून म्या त्याला कोयत्यानं मारलं. त्यो कोयता म्या खताच्या पोत्यात गुंडाळून क्यानालच्या तिसऱ्या मोरीत, उसाच्या अंगानं, आत सारलाय. चला, दावतो."

यातलं पहिलं वाक्य कोर्टात चालणार नाही हे लिहितानाच माहीत होतं. पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, हे स्वातंत्र्यापूर्वीच ठरवून टाकलंय: वस्तू कुठे आहे आणि ती तिथे आहे हे आरोपीला माहीत आहे, एवढंच उघड होतं. त्या वस्तूने पूर्वी काय केलं, ते नाही. काही अंमलदार पहिलं वाक्य लिहीतच नाहीत. मी लिहायचो. माणूस बोलला ते सगळं लिहावं, चाळणी लावायचं काम न्यायाधीशांचं आहे. दुसऱ्या वाक्यातला "म्या सारलाय" हा शब्द सगळ्यात मोलाचा. नुसतं "तिथं हाय" म्हटलं तर बचाव पक्ष म्हणतो, दुसऱ्या कोणी ठेवलेला याने पाहिला असेल.

निवेदनाचा भाग 9 वाजून 20 मिनिटांनी बंद केला, आरोपीची आणि पंचांची सही घेतली. निघण्यापूर्वी पंचांनी गाडीची आणि आम्हा सगळ्यांची अंगझडती घेतली. अनेक जण याला नुसता उपचार समजतात, पण "कोयता पोलिसांनीच बरोबर नेला" या आरोपाला दुसरं उत्तर नसतं. ड्रायव्हरला ठिकाण सांगितलेलं नव्हतं. गेटवर आरोपी म्हणाला, "उजवीकडं घ्या," तेही लिहिलं. प्रत्येक वळण लिहिलं. गाडीचं लॉगबुक, स्टेशन डायरी आणि पंचनामा या तिन्हींतल्या वेळा आणि किलोमीटर जुळावे लागतात. न जुळणारी दहा मिनिटं उलटतपासात तासभर चालतात. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. माझा सल्ला, कॅमेरा निवेदनापासून सुरू करा. मोरीपाशी पोचल्यावर सुरू केलेलं चित्रीकरण नको तेच प्रश्न उभे करतं.

कॅनॉलवर आरोपी पुढे, पंच त्याच्या मागे, आम्ही त्यांच्या मागे. पहिली मोरी ओलांडली, दुसरी ओलांडली. तिसरीपाशी तो उसाच्या बाजूने उतरला आणि सिमेंटच्या पाइपकडे बोट केलं. पाइप दोन फुटी. रस्त्यावरून तर सोडाच, तोंडाशी उभं राहूनही आतलं काही दिसत नव्हतं. पंचांना गुडघ्यावर बसून बघावं लागलं आणि हे मुद्दाम लिहिलं. जागा सार्वजनिक असली म्हणून जप्ती बाद होत नाही, वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसणारी होती का, हा खरा प्रश्न. हिमाचल प्रदेश विरुद्ध जीत सिंग या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय.

फौजदार म्हणाले, त्यालाच काढू दे. रीत तशीच आहे, "काढून दिला" असं लिहायला बरं वाटतं. पण आरोपीचा उघडा हात कोयत्याला लागला की मुठीवर त्याचा डीएनए त्या रात्रीचा की आजचा, हे कोणी सांगू शकत नाही. कायद्याला त्याने जागा दाखवली एवढं पुरतं. साहेबांनी मान्य केलं. आधी पोतं जागेवर असताना फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग हातमोजे घालून एका अंमलदाराने ते ओढून काढलं. सुतळीने बांधलेलं होतं. गाठ सोडली नाही, गाठीपासून चार बोटं दूर सुतळी कापली. गाठ कशी मारलीय हाही पुरावाच असतो.

आत उसाचा कोयता. एकूण लांबी 46 सेंटीमीटर, पातं 31, लाकडी मूठ 15. पात्यावर डाग. एक पंच पुटपुटले, "रक्त आहे हे." दुसरे म्हणाले, "गंज वाटतोय." मी "तांबूस काळपट डाग" लिहिलं. रक्त आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगेल. पंचनाम्यात "रक्ताचे डाग" लिहून ठेवलं आणि अहवाल नकारार्थी आला, तर बाकीचा पंचनामाही खोटा दिसायला लागतो. फौजदारांनी अंगठ्याने डाग घासून बघायला हात पुढे केला होता. तो मी धरला.

पोतं ओलं होतं. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. ओली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, सील केली, की आत बुरशी धरते, कुजण सुरू होते आणि प्रयोगशाळेकडून "रक्तगट निश्चित करता येत नाही" असं उत्तर येतं. उन्हात वाळवलं तरी डीएनए खराब होतो. म्हणून बाभळीच्या सावलीत स्वच्छ कागद अंथरला, त्यावर एका बाजूला पोतं, दुसऱ्या कागदावर कोयता, आणि आम्ही सगळे भोवती बसलो. सव्वा तास. साहेबांना फोन येत होते, पंचांपैकी एकाला कार्यालयात परत जायचं होतं. आरोपीने पाणी मागितलं, दिलं. एवढा वेळ कोणी फारसं बोललं नाही. वारा आला की कागदाचा कोपरा उडायचा आणि पंच पुढे वाकून दगड सरकवायचे.

मग कोयता कोऱ्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, पोतं आणि सुतळी वेगळ्या कागदी पाकिटांत. पंचांच्या सह्यांचं लेबल दोऱ्याखाली आलं पाहिजे, दोरा न कापता ते निघता कामा नये. वाऱ्यात मेणबत्ती टिकेना, लाख जळून काळी पडत होती. गरम लाखेवर लगेच दाबलं तर ठसा फिसकटतो, फार थांबलं तर उमटत नाही. पितळी सील ओलं करून दोन श्वास थांबून दाबायचं. तिसऱ्या खेपेला ठसा नीट आला. नमुना सील वेगळ्या कागदावर घेतलं, कारण प्रयोगशाळेत तोच ताडून बघतात.

दुपारी पावणेतीनला ठाण्यात परत. मुद्देमाल कारकुनाने रजिस्टरला नोंद घेऊन क्रमांक टाकला. आरोपीची दर 48 तासांची वैद्यकीय तपासणी त्याच दुपारी होती, तीही वेळेत झाली. कोयता शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या अभिप्रायालाही न्यायचा होता, पण आधी प्रयोगशाळा, मग डॉक्टर, असा माझा आग्रह होता. एकदा सील उघडून चार हात लागले की डीएनएचं मागणं फोल. तिसऱ्या दिवशी खोकं घेऊन अंमलदार निघाला. त्याचा जबाबही घेतला, कारण कोणी नेलं, कुठे ठेवलं, सील शाबूत होतं का, हे सांगायला साक्षीदार लागतो. तो जबाब राहून गेला म्हणून चांगला अहवाल वाया गेलेला मी पाहिलाय.

दोषारोपपत्र 90 दिवसांच्या आत अहवालाशिवाय गेलं, अहवाल नंतर जोडला. पात्यावर मानवी रक्त, पण गट निश्चित नाही. पातं जिथे मुठीत शिरतं त्या खाचेतल्या नमुन्याचा डीएनए मात्र मयताशी जुळला.

खटला तिसऱ्या वर्षी उभा राहिला. एक पंच फितूर झाला, "सह्या ठाण्यातच घेतल्या" म्हणाला. दुसऱ्याला बाभळीखालचा सव्वा तास आठवत होता, कागदावर ठेवलेले दगडसुद्धा. बचावाच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे रात्रीची मोटारसायकल काढली. एका साक्षीदाराने बॅटरीचा उजेड पाहिला होता. साहेबांनी स्टेशन डायरीची नोंद दाखवली: पहिली मोरी पाहिली, काही मिळालं नाही. तिसरी मोरी पोलिसांना रात्री ठाऊक नव्हती याचा आमच्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा तीच नोंद ठरली.

पंचनामा वाचायला घेतल्यावर न्यायाधीशांनी पेन्सिलीने पहिल्या वाक्याभोवती कंस केला आणि म्हणाले, हे वाचू नका. उरलेल्या मजकुराला पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडला, "त्यो कोयता" पासून "दावतो" पर्यंत.