तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसमोर हे उघड कशाला?

मुलांच्या लैंगिक छळाबद्दल मी पालकसभांत बोलते. सभा संपून चहा आला, की कोणीतरी एक आई मला बाजूला घेतेच. "बाई, हे सगळं एवढं उघड कशाला बोलायचं? पोरं लहान आहेत. आणि लोक कितें म्हणटले?" फोंड्यात विचारलं, डिचोलीत विचारलं, परवा पेडण्यातही. दर वेळी घाईत काहीतरी उत्तर देते. आज सावकाश देते.

बरीच वर्षं झाली. तिसरीच्या वर्गात माझी एक विद्यार्थिनी होती. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, चार दिवसांवर आलेली. गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीला कोणाकडे केवढं तवसं, कोणाच्या नेवऱ्या झाल्या, हेच वर्गात चाललं होतं. ही टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, मला चवथीला घरी जायचं नाही." घर म्हणजे वडिलांचं मूळ घर. तिथे सगळं कुटुंब जमतं, रात्री मुलं ओळीने चटयांवर झोपतात. मी म्हटलं, "असं बोलू नये गं, देवाचं असतं." ती मुकाट्याने जागेवर जाऊन बसली.

दोन वर्षांनी तिच्या आईकडून मला कारण कळलं. घरातलाच माणूस. आई म्हणाली, "कोणाला सांगू नका," आणि तेही मी ऐकलं.

त्या मुलीने मला सांगितलं होतं. जेवढे शब्द तिच्यापाशी होते, तेवढ्यांत सांगितलं होतं. कोपर, गुडघा, घोटा ही नावं मीच तिच्याकडून पाठ करून घेतली होती. जिथे तिला दुखत होतं त्या अवयवाला मात्र आम्ही मोठ्यांनी नावच दिलं नव्हतं. नुसतं "शी" म्हणायला शिकवलं होतं.

गोव्यात आपण एक समजूत करून घेतली आहे, की हे किनाऱ्यावरचं, बाहेरून आलेल्यांचं. १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्स मुलांच्या लैंगिक छळासाठी पकडला गेला, अनाथ मुलांसाठी घर चालवणारा, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ मध्ये आपल्या राज्याने स्वतःचा बाल कायदा केला, देशाचा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, यायच्या नऊ वर्षं आधी. हॉटेलवाल्यांवर, अगदी फोटो धुऊन देणाऱ्यांवरही त्यात जबाबदारी टाकली आहे. हे फार चांगलं झालं. पण मूळ घराच्या माजघरात कोण बघणार? केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलले होते. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि छळणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. मुलग्यांचं प्रमाणही मुलींपेक्षा कमी नव्हतं. म्हणून "आम्हाला मुलगीच नाही" असं म्हणून सभेला न येणाऱ्या पालकांसाठी माझा जीव जास्त तुटतो.

उघड बोला म्हणजे त्या मुलीबद्दल बोला, असं मी कधीच म्हणत नाही. तिची ओळख बाहेर फोडणं हा तर गुन्हाच आहे. आपण करतो नेमकं उलट. तिस्काच्या नाक्यावर मासळी घेताना मुलीचं नाव कुजबुजतो, ती कोणाची, कुठल्या वाड्यावरची ते सांगतो. आणि तिच्यावर काय झालं ते म्हणायची वेळ आली की "तसलं काहीतरी" म्हणून थांबतो.

बऱ्याच आयांना पोलिसांची भीती वाटते. ऐका. पॉक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेतात, होता होईल तो महिला अधिकारी घेते, आणि ती गणवेशात नसते. त्याचा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसू शकतं. १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर तर मूल स्वतःही फोन करू शकतं. आणि कळूनही गप्प राहणं हा आता अपराध आहे. मी त्या वेळी गप्प राहिले, तेव्हा हा कायदा नव्हता. त्याने माझं मन हलकं होत नाही.

पेडण्याची ती आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पण बाई, सुरुवात कशी करू? माझ्याच तोंडातून शब्द फुटायचा नाही." तिचा मुलगा चार वर्षांचा आहे. मी म्हटलं, आंघोळ घालताना करा. हा कान, हे पोट, हा पाय असं म्हणत पाणी घालता ना, तसंच घाला. फक्त मधलं गाळू नका.