मावशीची समजूत

कालपासून, या लग्नघरात, मोठी मावशी माझ्याशी फार मायेने वागते आहे आणि मला ते सहन होत नाही.

मावशीची माया मला नवी नाही. तिच्याच हाताखाली वाढले मी. पण ही माया वेगळी आहे. माझ्याशी बोलताना ती आवाज खाली आणते, मध्येच पाठीवरून हात फिरवते, मी खोलीत आले की चाललेला विषय बदलते. धाकटीचं बाळ कुणीतरी माझ्याकडे देत होतं, तर मावशीच म्हणाली, "राहू दे, तिला कशाला." तिला कशाला? सकाळपासून मीच तर त्याला खेळवत होते. मला बाळं आवडतात. आवडतात, आणि तरीही मला स्वतःचं मूल नको आहे. या दोन गोष्टी माझ्या मनात कधीच भांडल्या नाहीत. भांडण दुसऱ्यांच्याच मनात असतं.

दुपारी सगळे पडले होते तेव्हा मावशी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तुझ्या आईने सगळं सांगितलंय मला. मनाला लावून घेऊ नकोस."

काय सांगितलं, विचारलं. तर आई तिला म्हणाली होती, सगळे उपाय करून झाले, नाही झालं.

मी सरळ सांगितलं, "मावशी, आम्ही एकही उपाय केला नाही. आम्हाला मूल नकोच होतं. लग्नाआधीच ठरलं होतं आमचं."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "असंच म्हणायचं, बाळा," ती म्हणाली. "असंच म्हणत राहायचं, म्हणजे सोसतं."

यावर काय बोलायचं असतं? मी खरं सांगितलं आणि तिला ते माझं धैर्य वाटलं. आणखी ठासून सांगितलं असतं तर आणखी मोठं धैर्य वाटलं असतं. माझ्याकडे दुसरं कुठलंच वाक्य नव्हतं.

रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. इतकी वर्षं मी पुष्कळ ऐकलं आहे. आधी 'गोड बातमी कधी', मग 'आता वेळेत उरकून घ्या', मग 'म्हातारपणी कोण बघणार', मग तोंडावरच 'स्वार्थी'. त्या त्या वेळी लागलं, रडलेही. सासूबाईंचं इथे लिहीत नाही, ते वेगळं आहे. पण यातलं काहीही मावशीच्या त्या पाण्याइतकं आत गेलं नाही. का, ते पहाटे कुठे थोडंसं उमगलं. मला स्वार्थी म्हणणारा माणूस निदान एवढं मान्य करतो की हे मी ठरवलं. त्याला माझा निर्णय पटत नाही, पण तो माझा आहे. कीव करणारं माणूस तो निर्णयच माझ्या हातून काढून घेतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात विचार करून केलेली गोष्ट मी केलेलीच नाही, ती माझ्यावर कोसळली आहे, असं होऊन बसतं.

आणि हे माझ्या आईने केलं.

तिच्यावर चिडायचं म्हटलं तरी पुरतं चिडता येत नाही. तिला काय काय ऐकावं लागलं असेल ते मला दिसतं. मुलीला मूल होत नाही म्हटलं की लोक हळहळतात आणि गप्प बसतात. मुलीला मूल नको आहे म्हटलं की पुढचा प्रश्न आईला असतो, असं कसं वाढवलंत? आईने माझं नशीब वाईट ठरवून टाकलं आणि वळण वाचवलं. माझं की तिचं, ते मला अजून नीट ठरवता येत नाही.

पण त्या एका वाक्याने आणखी काय काय होतं, हे तिच्या लक्षात आलं नसावं. 'नाही झालं' म्हटलं की कुणात दोष आहे हे आलंच. मामाने माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन कुठल्याशा डॉक्टरचा नंबर दिला. हा घेऊनही आला. म्हणाला, "समजू दे की तसं, त्रास तरी थांबेल." त्याचा थांबेल कदाचित. त्याला तसंही वर्षातून एखाद्या वेळी कुणीतरी विचारतं, तेही हसत.

आणि वहिनी. मावशी माझी समजूत घालत होती तेव्हा वहिनी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. वहिनीने खरोखर सगळे उपाय केले आहेत. इंजेक्शनं, तपासण्या, पंधरा-पंधरा दिवसांच्या आशा. तिला माझं खरं माहीत आहे, मीच सांगितलं होतं, आणि तेव्हा ती मला काहीही बोलली नव्हती. तिच्यासमोर तिच्या वाट्याचं सांत्वन मला मिळत होतं. तिने मान वर केली नाही.

त्याबद्दल मला आज लिहिता येणार नाही.

मला कधीकधी फार एकटं वाटतं. ह्याच्यासोबत असूनही वाटतं. असं वाटतं की जगातल्या सगळ्या बायकांना दोनच खोल्या दिल्या आहेत, एक आयांची आणि एक दुःखी बायकांची. मी दारात उभी आहे आणि जो तो मला दुसऱ्या खोलीत बसवायला बघतो. कुणी एक माणूस म्हणेल का, बरं, ठीक आहे, तुमचं तुम्ही ठरवलंत?

दोघांनी ठरवलं होतं की कायमचं काही करून टाकावं. हाच म्हणाला होता, पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते, मी करून घेतो. चौकशीला गेला आणि परत आला. नसबंदीच्या सरकारी निकषांत बसायला जोडप्याला निदान एक मूल लागतं, आणि तेही एक वर्षाहून मोठं. बायकोच्या सहीची सक्ती नाही, पण मुलाची आहे. खिडकीवरचा माणूस वाईट वागला नाही. त्याने फक्त विचारलं, "मग करायची कशाला?" १९५२ साली कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम करणारा जगातला पहिला देश आपला. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवले, 'हम दो, हमारे दो' घरोघरी पाठ झालं. कमी मुलं हवीत हे किती मोठ्याने सांगितलं गेलं! एकही नको म्हणणारं जोडपं मात्र त्या भिंतीवर कधी नव्हतंच. मावशीने त्या खिडकीवरच्या माणसाहून वेगळं काय केलं?

मग मी अशा वेळी जे करते तेच केलं, वाचत बसले. र. धों. कर्वे पुन्हा काढले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या कामापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, तरी १९२७ मध्ये सुरू केलेलं 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. हे सगळ्यांना माहीत असतं. मी थांबते ती त्यांच्या पत्नी मालतीबाईंपाशी. त्या दोघांनी स्वतःला मूल होऊ दिलं नाही, ठरवून. शंभर वर्षांपूर्वी! कर्व्यांना लोकांनी शिव्या दिल्या, पण निदान त्यांचा विचार त्यांच्या नावावर लागला. मालतीबाईंना लग्नाकार्यात कुणी काय विचारलं असेल? त्यांच्या पाठीवरून कितीजणींनी हात फिरवला असेल? त्या खरं सांगत असतील तेव्हा समोरचीला ते खरं वाटत असेल का? त्यांची मला फार सोबत वाटते.

आणि तो निकाल. सर्वोच्च न्यायालयाचा, २००९ चा. चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातली एक अनाथ मुलगी, मतिमंद ठरवलेली, बलात्कारातून गरोदर राहिलेली. प्रशासन म्हणत होतं गर्भपात करा, उच्च न्यायालयानेही तसाच आदेश दिला होता. तिला मात्र मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. त्याच निकालात लिहिलं आहे की मूल जन्माला घालण्याचा निर्णय जसा व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, तसाच न घालण्याचाही येतो. मी हे पूर्वीही वाचलं होतं, पण काल रात्री त्यातलं एक नव्याने जाणवलं. तिच्या 'हवं'ला उभं करताना न्यायालयाला माझं 'नको'ही सोबत उभं करावं लागलं. तिला काय हवं आहे ते तिला कळतं, यावर प्रशासनाचा आणि उच्च न्यायालयाचा विश्वास नव्हता. माझं दुःख तिच्यापुढे काहीच नाही, तुलना करण्याइतकंही नाही. पण इतरांना तिच्याहून जास्त कळत होतं, हे मला ओळखीचं वाटलं.

सकाळी जरा शांत वाटलं. झोप झाली नव्हती, तरी.

शांत वाटलं ते मावशीमुळेच. अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं की मावशी स्वतः दोन मुलींवर थांबली होती. तेव्हा, त्या घरात, मुलगा नसताना. तिच्या सासूने वर्षभर तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, हे आम्ही मोठ्यांच्या कुजबुजीतून ऐकलं होतं. आज महाराष्ट्रात बाईमागे सरासरी दोन मुलंही होत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो आकडा १.७ होता. दोन मुली पुरेत म्हणणारीला आता कुणी काही विचारत नाही. ती वाट मावशीसारख्यांनी पाणी नाकारलं जात असताना पाडली. तिचं 'पुरे' लोकांना आवडलं नाही, पण तिला तसं म्हणायचं आहे यावर कुणी शंका घेतली नाही. माझं 'नको' तिला ऐकूच येत नाही, कारण तिच्या उभ्या आयुष्यात ते तिला कुणी म्हणून दाखवलेलं नाही. मग तिला पहिल्याच दुपारी ते कळावं अशी अपेक्षा मी कशी धरू?

मला मावशी सोडायची नाहीये. तिने मला दुःखी समजून का होईना, जवळ घेतलं. बाकीच्यांनी तेही केलं नाही. तिच्या समजुतीसकट ती मला हवी आहे, असं आज तरी वाटतंय.

आईशी मात्र बोलणार आहे. भांडणार नाही. एवढंच सांगेन की लोकांना माझी बाजू मांडू नकोस, पटवू नकोस, हवं तर म्हण 'तिलाच विचारा', पण 'होत नाही' म्हणू नकोस. वहिनीसाठी म्हणू नकोस. आई म्हणेल, तुला कळत नाही लोक कसे असतात. आणि पुढच्या लग्नात बहुतेक तेच सांगेल. सांगू दे. मी माझं पुन्हा सांगेन.

मावशी पुढच्या महिन्यात माझ्याकडे राहायला येते आहे, गुडघे दाखवायला. तेव्हा तिला विचारायचं ठरवलंय की दोन मुलींवर थांबायचं तिने नक्की कधी ठरवलं, घरात पहिल्यांदा कुणाला सांगितलं, आणि काय शब्दांत. तिला हे आजवर कुणीच विचारलेलं नाही.