म्हणून की तरी?

आठवीत बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या सहलीवर मी चार पानी निबंध लिहिला होता. पानं भरली म्हणून खुशीत होतो. मराठीच्या बाईंनी प्रत्येक क्रियापदाखाली लाल रेघ ओढली आणि वही माझ्या हातात दिली. "फक्त रेघांवरचे शब्द वाच." मी वाचू लागलो: निघालो, चढतो, पाहिलं, बसतो, आलो, खातो.

"अरे, तू गड चढतोयस की उतरून घरी आलास?"

वर्तमानकाळाला त्यांची ना नव्हती. 'महाराज गडावर येतात' हा ऐतिहासिक वर्तमान त्यांनीच आम्हाला शिकवला. मात्र एकदा धरलेला काळ कारणाशिवाय सोडलेला त्यांना चालत नसे.

त्या निबंधात दोन वाक्यं होती: 'पाऊस आला. आम्ही गडावरच थांबलो.' बाई तिथे अडल्या. "पाऊस आला म्हणून थांबलात, की पाऊस आला तरी थांबलात?" म्हणून असेल तर आम्ही अडकलो होतो, तरी असेल तर ती आमची हौस. मला पटकन सांगता येईना. मग आठवलं, उतरायची वाट निसरडी झाली होती आणि सरांनी सगळ्यांना सिद्धेश्वराच्या देवळात बसवलं होतं. एका शब्दासाठी मला तो अख्खा दिवस पुन्हा जगावा लागला. 'आणि मग' लिहून मी अशा किती जागा बुजवल्या होत्या, ते तेव्हा कळलं.

पुढे वकिली धरली. आमच्या कर्नाटकात कूळकायद्याच्या कागदांत १ मार्च १९७४ ही तारीख फार मोलाची. त्या दिवशी कुळांकडच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि कुळांना त्यांवर मालकी हक्क मागता आला. म्हणून 'कसतो', 'कसत होता' आणि 'कसत आला आहे' ही माझ्यासाठी तीन वेगळी विधानं आहेत. पक्षकार मराठीत सांगतात, कागद कन्नडमध्ये होतो. कन्नडमध्येही क्रियापद बहुधा शेवटीच येतं. 'म्हणून'ला आद्दरिंद, 'तरी'ला आदरू. बाईंचा प्रश्न दोन्ही भाषांत तसाच लागू पडतो.

परवा खानापूरकडचे एक आजोबा समोर बसून भराभर सांगत होते. वडील कसत होते, मी कसतो, मग पाऊस झाला, मग मालक आला. मी लाल पेन उचललं. "थांबा आजोबा. मालक आला तेव्हा तुम्ही कसत होता, की सोडून दिली होती?"

ते गप्प झाले आणि बोटांवर सालं मोजू लागले.