चौदा नंबर

सकाळी सातला ॲनिमल हाऊसच्या काकांचा फोन आला. "मॅडम, चौदा नंबर पाण्याच्या बाटलीपर्यंतसुद्धा जात नाहीये. जरा लवकर या."

चौदा नंबर म्हणजे विस्टार जातीचा नर उंदीर. परवा संध्याकाळी भूल देऊन मीच त्याच्या मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक धागा मेंदूच्या मधल्या धमनीच्या तोंडापर्यंत सरकवला होता आणि दोन तासांनी काढून घेतला होता. उंदरात स्ट्रोक घडवायची ही पद्धत १९८९ पासून सर्रास वापरात आहे. त्यानंतर इंजेक्शन दिलं. त्यात ग्लिबेनक्लामाइड होतं की नुसतं द्रावण, ते सहकाऱ्याने बंद केलेल्या पाकिटात.

ग्लिबेनक्लामाइड म्हणजे माझी आजी वर्षानुवर्षं घेत होती ती मधुमेहाची गोळी. रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूत पेशींवर एक नवी वाट तयार होते, तिच्यातून सोडियम आत शिरतं आणि त्यामागोमाग पाणी. ही वाट या गोळीने बंद होते आणि उंदरांतली सूज कमी होते, हे मेरीलँड विद्यापीठातल्या सिमार्ड यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं होतं. तो निबंध मी कितीदा वाचला असेन! माझे मामा स्ट्रोकच्या पहिल्या दिवशी आमच्याशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना सुजेने नेलं.

सूज किती, हे आम्ही पाण्यावरून मोजतो. निरोगी मेंदूत साधारण ७९ टक्के पाणी असतं. ते ८२ झालं तर तीनच टक्के वाढले असं वाटतं, पण कोरडा भाग तेवढाच राहतो ना. १०० ग्रॅममधला २१ ग्रॅम कोरडा भाग आता १८ टक्के ठरायचा, तर एकूण वजन ११६ ग्रॅमच्या पुढे जायला हवं. म्हणजे मेंदू जवळजवळ एक षष्ठांशाने फुगला. आणि कवटी तर तसूभरही वाढत नाही. म्हणूनच माणसांत कधीकधी कवटीचा तुकडा काढून ठेवावा लागतो.

मी पोचले तेव्हा चौदा नंबर भुशात एका कुशीवर पडला होता. उलटा केला तर त्याला सरळ होता येईना. पशुवैद्य मॅडम आधीच येऊन उभ्या होत्या.

"मॅडम, ७२ तासांचं माप आहे. उद्या संध्याकाळपर्यंत थांबलो तर?"

"अगं, तुझे ७२ तास त्याने का भोगायचे? आपण प्राणी-प्रयोगांच्या नीती समितीला काय लिहून दिलंय ते वाच."

वाचायची गरज नव्हती, तो परिच्छेद मीच लिहिला होता. स्वतः सरळ होता येत नसेल तर थांबायचं नाही. भुलीचा जास्तीचा डोस मीच दिला. तो शांत होईपर्यंत हात त्याच्या पाठीवरच होता.

उंदराचा मेंदू गुळगुळीत असतो, माणसासारख्या घड्या नसतात, त्यामुळे सूज लगेच नजरेत भरते. उजवा अर्धा फिकट, ताणलेला, मधली रेघ ओलांडून डावीकडे रेललेला. ओलावा उडू नये म्हणून दोन्ही अर्धे झटपट फॉइलवर घेऊन वजन केलं आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी कोरडं वजन मिळालं. उजव्या बाजूचं पाणी ८३ टक्क्यांच्या आसपास.

सरांच्या केबिनमध्ये मी म्हटलं, "७२ तास झाले नाहीत, म्हणजे तो गाळायचा ना?" आमच्या आराखड्यात तसंच होतं. सर म्हणाले, "सर्वांत जास्त सुजलेले ७२ तासांपर्यंत पोचतच नाहीत. ते गाळलेस तर तुझ्या ताजव्यात फक्त वाचलेलेच येतील."

इतकं साधं, आणि मला सुचलं नव्हतं. मी मामांचीच गोष्ट गाळायला निघाले होते. पाकीट बंद असतानाच आम्ही आराखडा बदलला: आधी गेलेला प्राणी सर्वांत वाईट क्रमांकावर मोजायचा. बदलाची कारणं आणि तारीख वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या.

पाकीट सात आठवड्यांनी उघडलं. चौदा नंबर औषधाच्या गटात होता. तो गाळला असता तर आमचं औषध होतं त्यापेक्षा चांगलं दिसलं असतं.

२०२४ मध्ये माणसांवरच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. शिरेतून दिलेल्या ग्लिबेनक्लामाइडने रुग्णांची स्थिती सुधारल्याचं दिसलं नाही. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रबंधातला तक्ता काढून बघितला. चौदा नंबरची ओळ तिथे होती. वेळेच्या रकान्यात ७२ नाही, ३६.