एवढी चांगली गाडी विकली का?

ऑडी टीटीसारखी स्पोर्ट्स कार, तीही ठणठणीत चालणारी, विकून तिच्या जागी स्कोडा स्लाव्हिया का घेतली? गोव्यातल्या आमच्या फोंड्यात भेटणारा जवळजवळ प्रत्येक गाडीवेडा मला हे विचारतो, आणि गाड्यांशी काडीचा संबंध नसलेली माणसंही विचारतात. बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं: पैशांची ओढाताण झाली असेल, नाहीतर गाडीने दगा दिला असेल. यातलं काहीच झालेलं नव्हतं. ती ठणठणीत होती म्हणूनच विकली. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

माझी टीटी 2012 ची, दुसऱ्या पिढीची. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 211 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), चारही चाकांना ताकद. हे मॉडेल 1998 मध्ये आलं आणि 2023 मध्ये हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यात त्याचं उत्पादन थांबलं, म्हणजे आता कोरी टीटी कुठे मिळणार नाही. मी वापरलेली घेतली आणि सरळ रोजच्या कामाला लावली. फोंड्याहून मार्दोळ, कुंडई, भोम, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं आणि पणजी. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. विकायला काढली तेव्हा रनिंग दीड लाख किलोमीटरच्या वर गेलं होतं.

आपल्याकडे स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत पहिला आकडा रनिंगचा असतो आणि तो जितका लहान तितका मालक ताठ मानेने सांगतो. माझं मत नेमकं उलट आहे, निदान गोव्यात तरी. इथल्या दमट, खारट हवेत उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. रबरी सील कडक होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, बॅटरी मरते, आणि टाकीतल्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढत राहतं. टायरवर नक्षी शिल्लक दिसते म्हणून ते नवे समजू नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. कमी चाललेल्या कित्येक गाड्या त्या चार आकड्यांत पकडल्या जातात.

मग एवढा विश्वास होता तर विकली का? कारण मी ती चालवायची सोडून जपायला लागले होते.

हे हळूहळू झालं. टीटीचे टायर 245/40 आर18, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम 98 मिलिमीटर रबर. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली लपला की तेवढ्या रबराचा काही उपयोग नसतो, रिमच आपटते. गावातले गतिरोधक मी तिरके घ्यायची, एक एक चाक चढवत, आणि मागची बस हॉर्न मारत थांबायची. पणजीत जोराचा पाऊस झाला की 18 जून रस्त्यावर पाणी भरतं. इतक्या बुटक्या गाडीत त्या पाण्यात शिरणं म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेने पाणी आत जायचा धोका, आणि एकदा सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यात या टीटीचा सांगाडा पुढून ॲल्युमिनियमचा आणि मागून पोलादाचा. दोन वेगळे धातू भेटतात तिथे मिठाचं पाणी पोचलं की गंजाची खरी भीती. कारखाना त्यासाठी सांध्यांवर चिकटद्रव्य आणि संरक्षक लेप देतो, आणि माझ्या गाडीचे सांधे शेवटपर्यंत स्वच्छ होते. पण दर पावसाळ्यानंतर रॅम्पवर चढवून टॉर्चने ते बघायची सवय मला लागली होती. ढग भरून आले की गाडी घरी ठेवून मी कदंबाच्या सरकारी बसने जायला लागले. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्या सीटमध्ये बसणं टाळायची. बसणं जमायचं, उठणं नाही.

चालवण्यासाठी बनवलेली वस्तू झाकून ठेवणं मला सहन होईना. जो तिला घाटात नेईल, रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर काढेल, त्याच्या हातात ती असायला हवी, आणि तिच्या अंगात ताकद आहे तोवरच जायला हवी.

"दोन्ही ठेवायच्या होत्या ना!" हा पुढचा प्रश्न. आमच्या इमारतीत माझ्या वाट्याला छपराखालची एकच जागा आहे. दुसरी गाडी आंब्याखाली, पावसात उभी राहिली असती. उभ्या गाडीचं काय होतं ते वर सांगितलंच.

विकताना मी एकच पथ्य पाळलं: फोन आला की आधी रनिंग सांगायचं, मग बाकीचं. निम्मे लोक तिथेच फोन ठेवायचे आणि माझा वेळ वाचायचा. उरलेल्यांना सांगायचं की गाडी सकाळी बघायला या, त्याआधी मी इंजिन चालू करणार नाही. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन सेकंदांत खरं बोलतं. टायमिंग चेन सैल असेल तर त्याच वेळी खडखडते. इंजिन गरम करून दाखवलं तर ते ऐकूच येत नाही. कुठलीही जुनी टर्बो गाडी घेताना हा आग्रह धराच.

शेवटी डिचोलीचा एक मुलगा आला, सोबत गॅरेज चालवणारा मामा. मामाने आधी बॉनेटवर हात ठेवून बघितलं.

"बाय, सकाळपासून चालू केली नाही ना?"

"नाही मामा. तुम्हीच चावी फिरवा."

त्याने फिरवली, कान देऊन ऐकलं, आणि मग काट्याकडे बघून भाच्याला म्हणाला, "दीड लाख रे!" मी फाईल पुढे केली. या सहा गिअरच्या, तेलात बुडालेल्या दोन क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला दर 60,000 किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावा लागतो, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हाल्डेक्सचंही तेल वेळच्या वेळी. प्रत्येकाची पावती तारखेसह होती. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण त्यांना धुवायला पेट्रोल तिथून जातच नाही. ती काजळी अक्रोडाच्या कवचाच्या भुशाचा मारा करून काढली जाते. त्याचं बिल मामाने दोनदा वाचलं. मग ते दोघे फर्मागुडीच्या चढावर गाडी घेऊन गेले. परत आल्यावर मामा काट्याबद्दल एक शब्द बोलला नाही, मागच्या सस्पेन्शनच्या रबरी बुशांचं आणि दोन टायरांचं बोलला. ते रास्त होतं; मी तेवढे पैसे कमी केले.

कागदपत्रांत मात्र मी हट्टी आहे, तुम्हीही राहा. एकाच राज्यात विक्री असेल तर मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30. कर्ज फेडलेलं असेल तर बँकेकडून फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. गाडी महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, आणि तिथला कर घेणाऱ्याला भरावा लागतो. सह्या करून "पुढे बघू" म्हणणाऱ्याला चावी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक धरला जातो, मग गाडी मधल्या काळात कितीही हात फिरलेली असो. फास्टॅग आपल्या खात्यातून बंद करायचा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, हा गाडीचा नसतो, आपला असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात वापरता येतो.

आता स्लाव्हिया. मी गाडी निवडायला बसले तेव्हा ताकदीचे आकडे बाजूला ठेवले आणि माझा रोजचा रस्ता समोर घेतला. इलेक्ट्रिक घ्यायची खूप इच्छा होती, कारण दिवसाला साठेक किलोमीटर म्हणजे तिच्यासाठी आदर्श काम. पण आमच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही, आणि रोज सार्वजनिक चार्जर शोधत फिरायचं असेल तर ती रोजची गाडी उरत नाही. उंच एसयूव्ही दोन-तीन चालवल्या. भोमच्या वळणांवर त्या झुकतात आणि मला ते सोसत नाही. मला सेडानची ठेवण आणि खड्ड्यांपुरती उंची दोन्ही हवी होती. स्लाव्हियाचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर. टायर 205/55 आर16, म्हणजे रबर 113 मिलिमीटर, आणि हा साइज फोंड्यातल्या साध्या टायरवाल्याकडेही असतो.

दीड लिटरचं 150 पीएसचं इंजिन सोडून एक लिटरचं 115 पीएसचं का, हेही विचारतात. गिअरबॉक्समुळे. दीड लिटरच्या ऑटोमॅटिकला सात गिअरची डीएसजी येते, तिचे क्लच कोरडे, गर्दीत सरकताना ते घासून तापतात. एक लिटरला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर येतो, तो तेलातून ताकद पोचवतो. सकाळी जुन्या गोव्याजवळ गाड्या पावलापावलाने सरकतात तिथे मला तेलावर चालणारा गिअरबॉक्स हवा होता. ज्याचा रस्ता मोकळा आहे त्याने खुशाल दीड लिटर घ्यावी. ते इंजिन फार गोड आहे.

गाडी 2023 ची घेतली, एका मालकाची. त्या वर्षीच्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल गाड्यांचे पाइप, सील वगैरे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसतील असे येतात, आणि आता पंपावर तेच मिळतं. त्याने ॲव्हरेज थोडं पडतं, कारण तेवढ्याच लिटरात इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. पण निदान रबराची काळजी नाही. डिकी 521 लिटरची. यंदा चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सगळं सामान एका खेपेत आलं आणि आई मागच्या सीटवर हात न धरता बसली.

टीटीची आठवण येते का? येते. फर्मागुडीच्या चढावर दुसऱ्या गिअरला ती जो जोर लावायची तो या गाडीत नाही आणि मी तो इथे शोधतही नाही. डिचोलीच्या त्या मुलाने चोर्ला घाटातून गाडीचा फोटो पाठवला, चिखलाने माखलेली, आणि विचारलं, "ताई, हाल्डेक्सचं तेल पुढच्या वेळी कुठलं घालू?" मी तेलाचा नंबर पाठवला आणि सांगितलं की फिल्टरही बदल, तो दिसत नाही म्हणून गॅरेजमधले मेस्त विसरतात.